मामांची अब्रू मी कशी वाचवली

हसा खुशाल, पण आधी तो चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल! भरात आलेली निवडणूक एकट्यानं पाडणारा, तीही आपल्याच मामाची, असा गाढव कधी पाहिलाय? नसेल तर नीट बघून घ्या. समोरच बसलाय.

दुसरं महायुद्ध संपलं होतं, पण लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, काही संपली नव्हती. सरकारचा माणूस यायचा आणि जोंधळा मोजून न्यायचा. लोक मग पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, धान्य लपवायचे. अशा दिवसांत आमचे मामा लोकल बोर्डाला उभे राहिले. आमचं गाव आष्ट्याजवळ. मामा बैलगाडीतून बाकीच्या गावांत फिरत होते आणि आमच्या गावचा प्रचार माझ्याकडं. का? तर मी सांगलीच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेला, शहाणा!

त्यात माझा जीव दुसरीकडंच अडकलेला. मामांची लेक हौसा मला द्यायची असं घरात बोलणं झालं होतं. मामा म्हणाले होते, "निवडून येऊ दे रं, मग गुलालावरच हळद लावू!" आता सांगा, मी का नाही जीव टाकणार?

बाजाराच्या दिवशी पुण्याकडची एक मोटार आली. चार अनोळखी माणसं. त्यांचा ना इथं उमेदवार, ना घरदार! गठ्ठाभर पत्रकं वाटली आणि धुरळा उडवत गेली. मी एक उचलून वाचलं, तर वर मामांचं नाव!

'मतदारहो, सावधान! या गृहस्थाने लेव्हीच्या अंमलदारावर कुत्रे सोडले. असला दांडगट मनुष्य बोर्डावर पाठविणार काय?'

अरारारा! मामांची अब्रू चव्हाट्यावर! आणि तीही छापून!

तसाच चावडीकडं धावलो. तिथं धोंडीतात्या, गावातलं सगळ्यात जुनं खोड, कुणाकडून तरी पत्रक वाचून घेत होते. सारखं "परत वाच" चाललेलं.

"काय रं," तात्या म्हणाले, "तुझ्या मामानं कुत्रं सोडलं व्हय सायबावर?"

"आवं तात्या, सगळं खोटं हाय!"

"खोटं?" म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

मला वाटलं, पटलं नाही यांना. मग जरा रंग भरला. "उलट मामांनी साहेबाला चहा पाजला, गुळाचा!"

"च्या पाजला?"

"दोन कप! आणि पोती स्वतः मोजून दिली."

तात्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि ते उठून गेले.

खरं सांगतो, त्या चहातला घोटभरही मी पाहिला नव्हता. मी तेव्हा सांगलीत! पण अब्रू वाचवायची तर थोडं इकडंतिकडं होणारच की.

दुसऱ्या दिवसापासून लोक रामराम घेईनात. मी चक्रावलो. म्हटलं, कुत्रं अजून यांच्या डोक्यातून गेलं नाही! मग घरोघर फिरलो. साहेब मामांच्या शब्दाबाहेर नाही, एवढंही सांगून टाकलं.

पारूकाकी दारातच कडाडल्या, "मग आमचं पेव सायबाला तुझ्या मामानंच दावलं म्हण की!"

आता पेव कुठनं आलं मधेच? मी बोलत होतो कुत्र्याबद्दल! माझं डोकंच चालेना. जितकं समजवावं तितकी दारं धडाधड बंद व्हायला लागली.

निकाल लागला. मामा नऊ मतांनी पडले. बाकीच्या गावांनी तारलं होतं, आमच्या गावानं बुडवलं.

आणि पुढचं ऐका. मामांच्या विरोधात उभ्या असलेल्या आबांची मिरवणूक वाजतगाजत आमच्याच दारात थांबली. निवडून आलेले आबा उतरले आणि मामांसमोर त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला! "गड्या, तुझ्यासारखा एक माणूस आमच्याकडं न्हवता बघ."

मिरवणूक गेल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "मामा, मी तर ते कुत्र्याचं खोटं म्हणून…"

"खोटं?" मामा ओरडले. "मळ्यातनं पार ओढ्यापत्तर पळवला व्हता त्याला मी! खटला हुईल म्हणून गप व्हतो. त्या पुण्यावाल्यांनी फुकटात छापून गावोगाव माझं नाव केलं. लोक गाडी थांबवून पाया पडत व्हते रं! आन तू म्हणं च्या पाजला?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मान खाली घालून कसंबसं विचारलं, "मग… हौसाचं?"

मामांनी माझ्या गळ्यातला हार उतरवला. मग म्हणाले, "तुलाच देतो. दुसरीकडं दिली आन तू तिची बाजू घ्यायला तिच्या सासरी गेलास, तर पोरगी आठ दिवसांत परत यील!"