फॉरमॅट न करणाऱ्या फॉरमॅटताई

फॉरमॅट करायला नकार दिला म्हणून फॉरमॅटताईंशी भांडून गेलेली माणसं गोळा करायची म्हटली तर अर्धा निजामपुरा जमेल. नाव फॉरमॅटताई आणि फॉरमॅटचा शब्द काढला की बाईंच्या कपाळाला आठी. गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर अडला की शेजारचे तीन दुकानदार एका सुरात सांगायचे, ‘विंडोज मारून घ्या.’ ताईंना तो ‘मारून’च आवडायचा नाही. ‘मारायला ते काय ढेकूण आहे?’ असं म्हणून त्या ‘विंडोज चढवणे’ म्हणायच्या. त्यांना हे टोपणनाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नाही. ज्यानं दिलं त्याचं काम त्या दिवशी झालं नसणार, असा माझा अंदाज आहे.

त्यांचं दुकान लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना खडखडाट, त्यामुळे तिथं कुणी हळू बोलत नाही. ताई तर कुठंच हळू बोलायच्या नाहीत. दवाखान्यात केसपेपर काढतानाही त्यांचं वय सगळ्या रांगेला कळायचं. राहायला टेमघरला. सकाळी रिक्षातून उतरायच्या, काउंटरवरच्या छोट्या बुद्धमूर्तीपुढं फूल ठेवायच्या आणि शटर पूर्ण वर जायच्या आत पहिल्या गिऱ्हाइकाला दम भरायच्या. बुद्ध पौर्णिमेला मात्र घरून खिरीचं पातेलं यायचं. त्या दिवशी कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्यालाही खीर आणि नुसताच रस्त्यानं जाणाऱ्यालाही खीर.

त्यांची एक पद्धत होती. मशीन टेबलावर ठेवलं की त्या स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या नाहीत. गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवायच्या आणि विचारायच्या, ‘आत काय काय आहे ते बोल.’ लिहून दिलेलं चालायचं नाही, तोंडानं सांगायला लागायचं. एकदा एक लूमवाले शेठ घाईत आले. ‘कुछ नहीं है मॅडम, सब उडा दो.’ ताईंनी चहा मागवला. अर्धा कप संपेस्तोवर शेठना भाच्याच्या लग्नाचे फोटो आठवले, मग मुलीचा पासपोर्ट, मग कापडाची डिझाइनं. ‘देखा?’ ताई म्हणाल्या, ‘आपके कुछ नहीं में पूरी शादी निकली.’ शेठ इतके वरमले की स्वतः उठून दोन्ही कप विसळून आले.

लोक बहुतेक सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात. डोळ्यांसमोर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं आपल्याला वाटतं. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो आणि विंडोज नव्यानं चढवताना पहिला घाव त्या सी ड्राइव्हवरच पडतो, हे ताईंनी किती जणांना समजावलं असेल देव जाणे. समजावताना त्या कधी कंटाळल्या नाहीत, चिडल्या मात्र प्रत्येक वेळी.

विंडोज चढत असताना त्या जागच्या हलायच्या नाहीत. मांडीवर मेथीची जुडी, नजर पडद्यावर. टक्क्यांचा आकडा अडकून बसला की गिऱ्हाईक कासावीस व्हायचं, यांचं निवडणं चालूच. ‘घाई केली की रुसतं ते.’ मध्येच लाइट गेली की गल्ली एकदम गप्प व्हायची. मग लाइट आली तरी ताई बटण दाबायच्या नाहीत. ‘आधी लूम उठू देत. त्यांच्या व्होल्टेजच्या धक्काबुक्कीत आपण शिरायचं नाही.’

मला त्या ‘शेलार’ म्हणायच्या. ते माझं आडनाव नव्हे, गाव. माणसाचं नाव विसरलं तरी तो कुठून आला हे त्या विसरायच्या नाहीत. मी शाळेत क्लार्क. आता शाळेचं काम शाळेच्या कॉम्प्युटरवर, पण घरी माझा एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात माझ्या आत्याचे धवले होते. आमच्या आगरी लग्नात प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, म्हणजे धवला असतो आणि तो म्हणणारी धवलारीण. तिनं सूर धरल्याशिवाय हळदीचं ताट पुढं सरकत नाही. आत्या आमच्याकडची मोठी धवलारीण. तिला लिहिता येत नव्हतं, पण मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत सगळं तोंडपाठ. बरीच वर्षं दर रविवारी मी तिच्यापुढं बसलो आणि ती म्हणेल ते टाइप करत गेलो. मग तिला अर्धांगवायू झाला. जीव वाचला, वाचा गेली. धवले आता फक्त माझ्याकडे उरले.

गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट. आत्याच्या नातीचं, मनालीचं लग्न ठरलं. तिच्या मैत्रिणींनी ठरवलं की आजीचेच धवले म्हणायचे, कागदावर बघून का होईना. ‘काका, गानी कवा आनताव? पोरी वाट बगतान,’ असा मनालीचा रोज फोन. आणि हळद तोंडावर आली असताना कॉम्प्युटर बसला. निळा पडदा यायचा, बंद पडायचा, आपोआप सुरू व्हायचा, पुन्हा निळा. मी तसाच तो रिक्षात घालून निजामपुऱ्यात आणला.

स्टुलावर बसून मी सगळं बोललो. फाइल डेस्कटॉपवर आहे, एक प्रत पेनड्राइव्हवरही आहे. ताईंनी मान हलवली, तरीही हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली, फाइल दुसरीकडे उतरवून घेतली, मला उघडायला नाही पण असल्याची खात्री करायला दाखवली, आणि मग सी ड्राइव्ह पुसून विंडोज चढवायला घेतलं. दुपारी कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा उभा राहिला. मी फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. शब्द म्हणून एक नाही. पेनड्राइव्ह लावला, त्यातही तेच.

शेजारचा दुकानदार डोकावून म्हणाला, ‘व्हायरस हाय, डिलीट मारा.’ ताई पडद्याकडे वाकल्या आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘शेलार, तुझा फॉन्ट कुठला होता रे?’

फॉन्ट जुन्या टायपिंग क्लासचा होता. क्लासच्या सरांनी मूळ फॉन्टमध्ये आपल्या सोयीनं अक्षरं इकडची तिकडं केलेली, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही सगळे तोच वापरत आलो. क्लास बंद पडला, सर गेले, फॉन्ट इंटरनेटवर मिळायचा प्रश्नच नव्हता. तो फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये होता. सी ड्राइव्ह आत्ताच पुसून झाला होता.

‘चूक माझी,’ ताई म्हणाल्या. ‘तू काय आहे ते सांगितलंस. कशात लिहिलंय ते विचारायचं काम माझं होतं.’ मी काहीतरी ‘असू दे’ पुटपुटलो. त्यांनी तेही धरलं नाही. ‘असू दे कसं? मजकूर जागेवर आहे. नुसता चेहरा गेलाय त्याचा. चेहरा शोधायचा.’

मग त्यांनी शटर ओढलं. भर दुपारी, गिऱ्हाइकं बाहेर उभी असताना. लग्नपत्रिका छापणाऱ्या सगळ्यांना फोन लावले. क्लासमधून शिकलेला प्रत्येक जण कधी ना कधी पत्रिकांच्या कामाला लागलेला असतो, हे त्यांचं गणित. कुणाकडे नवे कॉम्प्युटर, कुणी धंदाच सोडलेला. शेवटी बशीरभाई सापडले. ते म्हणाले, ‘मॅडम, वो पुरानी मशीन तो कब की बंद पडी है. ऊपर माळे पे है.’ ताई म्हणाल्या, ‘बंद है तो अच्छा है, किसी ने उस में हाथ नहीं डाला होगा.’

बशीरभाईंच्या छापखान्यात वर चढायला लाकडी शिडी होती. गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुरणाऱ्या ताई माझ्या आधी चढल्या. पत्रिकांच्या गठ्ठ्यांमागून ते धुळीनं माखलेलं धूड आम्ही बाहेर काढलं. ते चालू होईना, म्हणून त्यांनी तिथंच बैठक मारून त्याची डिस्क काढली. बशीरभाई पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवून उभे राहिले. त्यांच्या कॉम्प्युटरमधला हिशेब कधीतरी ताईंनी वाचवलेला होता, हे मला त्यांनीच सांगितलं.

दुकानात येऊन डिस्क जोडली. फॉन्ट होता. ताईंनी तो माझ्या कॉम्प्युटरवर टाकला आणि फाइल मलाच उघडायला लावली. पान मराठीत आलं. मला वाचवेना, डोळे भरले होते. ताईंनी पहिला धवला मोठ्यानं वाचला, लूमवर ओरडून बोलतात तसा, आणि बाहेर खोळंबलेली माणसं बघतच राहिली. त्यानंतर सगळी फाइल युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरं माझ्याकडून तपासून घेऊनच त्यांनी मला सोडलं. ‘आता कुठंही उघड, कुणाच्याही बापाच्या मशीनवर.’

हळदीला मी त्यांना आग्रहानं शेलारला नेलं. पोरींनी कागद बघून धवले धरले, सुरुवातीला अडखळत, मग जोरात. आत्या खुर्चीत बसून होती. आमच्यात धवलारणीला मानाची साडी देतात. मनालीच्या आईनं ती आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्याला कुणीतरी ताईंबद्दल सांगितलं असावं. तिनं चालत्या हातानं साडी उचलली आणि शेजारी बसलेल्या ताईंच्या मांडीवर सरकवली. ताई ‘अहो नको, माझं काय’ म्हणाल्या, तर आत्यानं साडीवर हात दाबून धरला, सोडेचना. एवढ्या बोलक्या बाईला गप्प करणारी माझी आत्याच.

मागच्या वर्षी ताईंनी दुकान बंद केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, शिवाय आता कुणी कॉम्प्युटर घेऊनच येत नाही, सगळं मोबाइलवर. त्या मुलाकडे नाशिकला गेल्या. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आत्याही राहिली नाही. मी गल्लीतून जातो तेव्हा त्या शटरकडे बघवत नाही. माझ्या घराण्याचा केवढा मोठा ठेवा या बाईंनी सांभाळला आणि मी त्यांना साधा नमस्कारही नीट केला नव्हता, हे मनात येत राहतं.

परवा पुतण्याची हळद झाली. मी प्रिंट काढून नेले होते. मनाली आता एका लेकराची आई. तिनं गठ्ठा बघितला आणि हसून बाजूला ठेवला. ‘न्हाय लागं काका.’ तिनं सूर धरला, पाठोपाठ बाकीच्यांनी, आणि मांडवापासून शेवटपर्यंत एकीलाही कागद लागला नाही. मी तिथूनच नाशिकला फोन लावला. मागं पोरी गात होत्या, मी ओरडून सांगितलं, ‘ताई, पोरींना सगळं पाठ झालंय!’

पलीकडे त्यांनी आधी एक अख्खा धवला ऐकून घेतला. मग त्यांचा तो खणखणीत आवाज आला, ‘झालं तर मग, शेलार. आता तुझा कॉम्प्युटर खुशाल बंद पडू दे.’