फोटो ज्यानं बटन दाबलं त्याचा

काका गेले त्या सकाळी अकोल्याच्या बसस्टँडवर ते हसत होते.

गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत.

मी अमरावतीहून पहिल्या गाडीने आले. उतरले तर समोर तेच. डोक्याला फेटा, गुडघ्यावर हात. खाली लिहिलेलं : ‘आता मी जिने चढतो!’

काकांचे गुडघे शेवटपर्यंत दुखले.

आज वर्ष झालं.

श्रीधरकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आधी लग्नाचे फोटो काढायचे. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला. मग ते ऑनलाइन फोटो विकू लागले. स्टॉक फोटो. आपण साइटवर टाकायचा, ज्याला हवा त्याने लायसन्स घेऊन वापरायचा.

कॉपीराइट त्यांनी मला एका वाक्यात शिकवला.

“फोटो कोनाचा? ज्यानं बटन दाबलं त्याचा.”

एकदा चौकातल्या बियाण्याच्या दुकानावर त्यांचा तुरीच्या शेताचा फोटो दिसला. पैसे न भरल्याची खूण, साइटचा वॉटरमार्क, तसाच, शेतावर आडवा. काका थेट फ्लेक्सवाल्या राजूकडे.

“काका, गूगलवर होता.”

“गूगलवर त माह्यं घरबी दिसते. नेशीन का उचलून?”

राजू हसला. काकाही हसले. पण फ्लेक्स उतरवूनच घरी आले.

माणसांचे फोटो जास्त खपतात. पण त्यासाठी त्या माणसाची लेखी परवानगी लागते. मॉडेल रिलीज. इंग्रजी कागद, खाली सही.

नलूकाकूंचं माहेर तेल्हाऱ्याचं. कापूस वेचणीच्या दिवसांत काका तिथे कॅमेरा घेऊन गेले. सगळे हौसेने उभे राहिले. बायांनी पदर सारखे केले.

काकांनी कागद काढला आणि वावर रिकामं झालं.

काकूंचे भाऊ म्हणाले, “जवाईबापू, फोटो पायजे तितके काढा. सही मांगू नका. सही वावर विकाच्या दिवशी करतेत.”

त्यानंतर काका स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

ट्रायपॉड, टायमर. मॉडेल : श्रीधर. साक्षीदार : नलिनी.

शेतकरी झाले. मधुमेही झाले. रिटायर्ड बँक मॅनेजर झाले. मूलबाळ नव्हतं, तरी आजोबा झाले. कानाच्या मशीनसाठी बहिरे झाले. कुठल्या कुठल्या राज्यांतून नातेवाईक फोटो पाठवायचे, “हे आपले श्रीधरच ना?”

तेलाची जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चिडले. “काका, हे खोटं आहे. तक्रार करा.”

“केली ना. लायसन्समंदी बसते म्हनतेत.”

“मग?”

“घोडा इकल्यावर त्याले टांग्याले जुपलं का नवरदेवाले देल्लं, आपल्याले कोन इचारते?”

मग गुडघा चोळत म्हणाले, “तेलाचा काही फरक नाही पडला पन.”

एक फोटो मात्र वेगळा होता. मी तिथेच होते.

काका अंगणात लेन्स पुसत बसले होते. कॅमेरा शेजारी बाजेवर. काकूंनी तो उचलला.

“हात नको लावू!” काका ओरडले.

काकूंनी बटन दाबलं.

फोटोत काकांचं तोंड अर्धं उघडं, भुवया चढलेल्या, हातात पुसायचं फडकं. थोडा हललेला. काका बराच वेळ बघत राहिले.

“नलू, हा चांगला आला. साइटवर टाकू. पन मालकीन तू. तुही परवानगी पायजे.”

“मी नाही इकत, जा.”

काकांनी पुन्हा विचारलं नाही. प्रिंट काढून काकूंना दिली. काकूंनी ती फडताळाच्या दाराला आतून चिकटवली, मसाल्याच्या डब्यांपाशी.

काका गेले त्या दुपारी राजू श्रद्धांजलीचा फ्लेक्स करून मोबाइलवर दाखवायला घरी आला. कोणी सांगितलं नव्हतं. रडत रडत केला म्हणाला.

फेटेवाला फोटो. कपाळावर साइटचा वॉटरमार्क.

काकू बघत राहिल्या. “हे नाही राजू. हा शेतकरी आहे.”

राजूने दुसरा दाखवला.

“हा पेशंट.”

तिसरा.

“हा मॅनेजर. मले तुह्ये काका पायजेत.”

इतके फोटो, आणि काका एकातही नाहीत.

काकू उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. फडताळाच्या दारावरून फोटो सोडवून आणला. कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं होतं.

“काकू, हललेला आहे थोडा. डाग बी आहे. साफ करून घेऊ?”

“हात नको लावू.”

राजूने मान डोलावली. खाली ‘शोकाकुल’मध्ये पहिलं नाव काकूंचं घातलं.

“तिथं नको. फोटोखाली टाक. बारीक टाकतेत तसं.”

राजूला कळलं नाही. मला कळलं. मी टाइप करून दिलं.

छायाचित्र : नलिनी.

“तेरवीपर्यंत लाव,” काकू म्हणाल्या. “मंग काढून मले आनून दे. दुसरीकडं कुठी दिसला नाही पायजे.”

तेरवीच्या संध्याकाळी राजू स्वतः फ्लेक्स गुंडाळून घेऊन आला. मोबाइलमधली फाइल काकूंच्या समोर डिलीट केली.

साइटवरचे काका अजून विकले जातात. काढून टाकायचे का, मी काकूंना विचारलं होतं.

“राहू दे. ते कामाले गेले हायेत.”

बसस्टँडवरची जाहिरात आता उन्हाने फिकी झाली आहे. हसू तेवढं उरलंय. उतरले की मी मान हलवते आणि घराकडे निघते.

या पोस्टला फोटो जोडलेला नाही. काकूंना विचारलं होतं.

नाही म्हणाल्या.

काका, हक्क त्यांचा आहे. तुम्हीच शिकवलंत.

आमचा नमस्कार घ्या.