सॅक्रम नावाचं हाड

दादा गेला त्या दुपारी सांगलीहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, आत्या, धावपळ करून येऊ नका, बाबांनी देह कॉलेजला द्यायचं लिहून ठेवलं होतं, गाडी येऊन गेलीसुद्धा... मी फोन ठेवला आणि राहिलेली भाजी निवडली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दादा मुंबईला डॉक्टरकी शिकत होता. मी चौथीनंतर वाईला घरीच. एका सुटीत तो ट्रंकेतून माणसाची हाडं घेऊन आला. कॉलेजची, अभ्यासापुरती दिलेली. आईने मळके कपडे काढायला ट्रंक उघडली. ओरडली नाही. डोक्यावरून पाणी घेतलं आणि आम्हा सगळ्यांना सुतक लावलं. अप्पांची घाटावरची भिक्षुकी बंद. कोण गेलं हो, असं लोक विचारायचे. अप्पा म्हणायचे, आमच्या हिला विचारा.

दादाने खूप समजावलं. शेवटी कमरेमागचं, माकडहाडाच्या वरचं रुंद हाड काढून दाखवलं. हे बाईचं, म्हणाला. इंग्रजीत सॅक्रम. ग्रीक लोक याला हिएरॉन ऑस्टिऑन म्हणत, म्हणजे पवित्र हाड. बळी देताना हे देवाला वाहत असावेत. रोमच्या लोकांनी त्याचंच लॅटिन केलं, इंग्रजांनी त्यातला अर्धा शब्द उचलला. यात विटाळ कसला, हे आईला पटेल असं त्याला वाटलं.

आई म्हणाली, "म्हणजे त्यांनाही कळत होतं. मग एवढं तरी हिचं नदीला जाऊ दे. बाकीची ने तुझ्या परीक्षेला."

दादा पाया पडला, हे परत द्यायचंय म्हणाला. तिने ऐकलं नाही. ओलेत्याने घाटावर गेली आणि हाड कृष्णेत सोडलं. बाईचं नाव माहीत नव्हतं, म्हणून आमच्याच गोत्रावर पाणी दिलं.

हाड हरवलं म्हणून कॉलेजने त्याला त्या वर्षी परीक्षेला बसू दिलं नाही. तो आईशी बोलायचा थांबला. पुढे सांगलीत त्याचा दवाखाना चांगला चालला, पण वाईला आला तो एकदम आईच्या अस्थी सोडायला. गाडग्यातला एक तुकडा त्याने उचलला, उलटसुलट करून पाहिला. "हेच ते," मला म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसून राहिला. उठवावं लागलं.

भाचा विचारतो, दिवस घालायचे का? घाल म्हटलं. सोडायला काही नाही, तरी घाल. दादा आज ना उद्या कुठल्या तरी पोराच्या ट्रंकेत जाईल. त्या पोराला आई असली, तर तिने ती उघडू नये.