पिवळ्या कोटातली मुलगी

तिला विशेषणबाई हे नाव मी ठेवलं. ती मराठी शिकवायची, मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. दोन अधिक दोन चार म्हटलं की माझं भागतं, तिचं भागत नसे. एखाद्या पोरानं ‘माझी आजी चांगली आहे’ असं लिहिलं की ती म्हणायची, ‘‘चांगल्या आज्या पैशाला पासरी मिळतात. तुझी कोणती?’’

मग पोरगं डोकं खाजवत भर घालायचं, ‘चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी, गुडघ्यांना शिव्या देत उठणारी माझी आजी.’

‘‘शाबास! आता ती दारात आली तर मी ओळखेन.’’

हे ती अगदी खरं बोलत होती, हे फक्त मला ठाऊक होतं. लहानपणी आलेल्या कसल्याशा तापानंतर तिच्या लक्षात चेहरेच राहत नसत. नजर उत्तम. नाक, डोळे, हनुवटी सगळं दिसायचं, पण मान वळवली की पुसून जायचं. एकदा मी केस कापून आले, तर मलाच म्हणाली, ‘‘आपण कोणाच्या पालक?’’ मला वाटलं, बाईला शिष्टपणा चढला. मी भरपूर तोंडसुख घेतलं. तेव्हा तिनं रडत सगळं सांगितलं, आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, ‘‘कुणाला बोलू नकोस गं. मुलं ओळखता न येणाऱ्या बाईला शाळेत कोण ठेवेल?’’ मी अळीमिळी गुपचिळी केली.

ती माणसं ओळखायची ती चालीवरून, आवाजावरून, कपड्यांवरून. शाळा सुटताना फाटकावर उभं राहायची तिची पाळी आली की आदल्या दिवशीच तिची अन्नावरची वासना उडायची.

त्या दिवशी तिचीच पाळी होती. वारा बोचरा होता, पोरांनी कोटांच्या टोप्या पार भुवयांपर्यंत ओढल्या होत्या. सकाळी तिनं जोड्या लावून मुलांना एकमेकांचं वर्णन करायला सांगितलं होतं. चिमणी आणि भिंगरी या सारख्या उंचीच्या मैत्रिणी. चिमणी ठरली ‘मोठ्या टोपीच्या पिवळ्या कोटातली मुलगी’ आणि भिंगरी ‘पितळी बटणांच्या निळ्या कोटातली मुलगी’. त्यावर या दोन दीडशहाण्यांनी डोकं चालवलं. कोट बदलायचे आणि बाईंना फसवायचं!

बाई फसली. चिमणी व्हॅननं घरी जायची, म्हणून पिवळ्या कोटाला तिनं हात धरून व्हॅनमध्ये बसवलं. कोटातली पोर हसू दाबत, खाली मान घालून गप्प बसली. व्हॅनवाला त्याच आठवड्यात लागलेला. तो निघून गेला.

जरा वेळानं भिंगरीची आई आली. शिलाईच्या कारखान्यातून ती थेट यायची, अंगावर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असायचे. निळ्या कोटातल्या मुलीनं टोपी मागे टाकून ‘भो’ केलं. आई हसली नाही.

‘‘ही चिमणी. माझी पोर कुठंय?’’

विशेषणबाई पांढरीफटक पडली. तेवढ्यात मी फाटकापाशी पोचले आणि व्हॅनवाल्याला फोन लावला. ‘‘पिवळा कोट ना? टायरच्या दुकानापाशी उतरवलं, सांगितलेलं तिथंच.’’ तिथून चिमणी एकटी घर गाठायची. तिच्या आत्याला फोन केला. तिच्याकडे कुणीच आलं नव्हतं. भिंगरीनं तर शहराचा तो भाग कधी पाहिलाही नव्हता, आणि तिथला रस्ता ट्रकांचा.

चिमणीला शाळेच्या शिपायाकडे सोपवून आम्ही तिघी रिक्षानं निघालो. आई सारखी म्हणत होती, ‘‘रस्ता ओलांडता येत नाही हो तिला.’’

टायरच्या दुकानाबाहेर बाकावर पिवळा कोट पडला होता. नुसता कोट.

‘‘घट्ट होतोय म्हणून पोरीनं काढला,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘मी आत टायर काढत होतो. बाहेर येऊन बघतो तर गायब.’’

आई धावत सुटली. विशेषणबाईनं कोट छातीशी धरला आणि माझ्या कानात म्हणाली, ‘‘आता ती समोर आली तरी मला कळणार नाही गं.’’

अंधारून येत होतं. गाड्यांचे दिवे लागले होते. विशेषणबाई दिसेल त्या पोराच्या तोंडाकडे बघत होती. एकीचा तर तिनं हातच धरला. त्या पोरीचा बाप अंगावर धावून आला. आई आणि मी औषधांच्या दुकानात चौकशी करत होतो, तेवढ्यात बाहेरून बसका आवाज आला, ‘‘बाई!’’

आम्ही पळालो. एका बंद दुकानाच्या पायरीवर पोर बसली होती. विशेषणबाई तिच्यासमोर ओणवी होऊन विचारत होती, ‘‘तू कोण गं?’’

पोरीला वाटलं, बाई वर्गासारखंच विचारतायत. तिनं नाक पुसलं आणि हुंदके देत नीट उत्तर दिलं, ‘‘मी... गुडघा फुटलेली, एक बूट हरवलेली, खूप खूप घाबरलेली... माझ्या आईची मुलगी.’’

आईनं आधी एक धपाटा घातला, मग पोरीला असं कवटाळलं की तिला श्वास घेता येईना. मग मान वर करून म्हणाली, ‘‘रोज शिकवता हिला. आणि तू कोण विचारता?’’

विशेषणबाईनं भर रस्त्यात सगळं सांगितलं. मी मध्ये पडायला गेले, तर तिनं मला गप्प केलं.

‘‘मग फाटकावर उभ्या का राहता?’’

‘‘नोकरी जाईल म्हणून भ्यायले.’’

‘‘मी उद्या मुख्याध्यापकांना सांगणार.’’

‘‘सांगा. तुमच्या आधी मीच सांगेन.’’

परतताना रिक्षात भिंगरी आईच्या मांडीवर झोपून गेली. घरापाशी आई उतरली, दोन पावलं गेली आणि परत आली. तिच्या आवाजात राग तसाच होता.

‘‘बाई, तुम्हाला ओळखू यावी म्हणून उद्या हिला काय घालून पाठवू?’’

‘‘काही नको,’’ विशेषणबाई म्हणाली. ‘‘समोर आली की हाक मारून नाव सांग म्हणावं. रोज. मी विचारेपर्यंत थांबू नकोस म्हणावं.’’