ठकुबाईच्या भिंतीवरची तारीख

ठकुबाईनं चोर वासावरून ओळखला, असं भिवंडीत अजून सांगतात. पानाच्या टपरीवर सांगतात, लूमची शिफ्ट सुटल्यावर सांगतात, आणि सांगणारा दर खेपेला तिच्या हातात नवं हत्यार देतो. कुणी मुसळ देतो, कुणी कोयता. "म्हातारीचं नाक बघा राव! खाकीतला चोर आणि खाकीतला सरकारी माणूस, दहा हातांवरून वेगळा काढला!"

सगळं खोटं. ठकुबाईनं चोर ओळखलाच नव्हता. सरकारी माणूस समजूनच तिनं त्याला बडवला.

भिवंडीच्या कडेला लूमच्या शेडचे पत्रे संपतात आणि भातखाचरं सुरू होतात, तिथल्या आळीत ठकुबाईचं घर. घरात ती, लूमवर ड्युटी करणारा मुलगा अनंता, सून मैना आणि चार वर्षांची नात तुळजा. घराच्या मागं शेडवाल्यानं खणून तसाच टाकलेला एक खड्डा होता. त्यात बारा महिने हिरवं पाणी आणि संध्याकाळी त्या पाण्यातून उठणारे डास, असे की तोंड उघडलं तर चार पोटात जावेत. ठकुबाई तोंड उघडंच ठेवायची. तिचा आवाज काढायला सोपा नाही. नाकातून सुरुवात होते, मग घशात जातं फिरल्यासारखी घरघर, आणि शेवटी "हाय का न्हाय?" असा सवाल. त्या सवालाचं उत्तर दिलं तो मेला. न दिलं तोही मेला.

शेडवाल्याला ती रोज सकाळी शिव्या द्यायची. तो हात जोडून म्हणायचा, "मौसी, अगले महिने भर देंगे." ती म्हणायची, "तुजा अगला महिना माज्या तेराव्याला उगवंल!"

पण तिचा खरा राग खड्ड्यावर नव्हता. तो ती कुणाला सांगत नसे.

आदल्या वर्षी श्रावणात मलेरियाचे पावडरवाले आले होते. घर रिकामं करून त्यांनी आतल्या सगळ्या भिंतींवर डीडीटी मारली आणि दाराशेजारी गेरूनं तारीख लिहून गेले. वाळल्यावर भिंतींना पांढरे डाग पडले, कोड आल्यासारखे. पुढं गणपती, त्यामागून गौर यायची. सोन्यासारख्या गौरीला असल्या भिंती दाखवायच्या? ठकुबाईनं पहाटे उठून शेण कालवलं आणि चारी भिंती तारखेसकट सारवून काढल्या. आळीतल्या सगळ्याच बायांनी काढल्या. पण ठकुबाईची बोटं अशी फिरायची की भिंतीवर मोराच्या पिसाऱ्यासारखी नक्षी उठायची. लोकांनी वाखाणली. नवऱ्यानंही वाखाणली. सावळाराम त्याचं नाव. भादवा सरायच्या आत त्याला हुडहुडी भरली, तिसऱ्या दिवशी पुन्हा भरली, आणि नवव्या दिवशी तो गेला.

नंतर घरोघर रक्त तपासायला आलेल्या रामनाथ नावाच्या मलेरिया इन्स्पेक्टरनं भिंतीकडं पाहिलं आणि चष्मा पुसत म्हटलं, "आजी, औषध तुम्ही सारवून टाकलंत. डास भिंतीवर बसतो. तिथंच तो मरायचा होता."

एवढंच. पण त्या दिवसापासून ठकुबाई जगावर चिडली. स्वतःवर किती चिडावं याला काही सुमार असतो. उरलेलं मग शेडवाल्याला, सुनेला, कावळ्याला, जो समोर येईल त्याला.

यंदा श्रावण लागला तशी ती पावडरवाल्यांची वाट बघायला लागली. आळीत त्यांची वाट बघणारी ती एकटीच. पुरुष तर आणीबाणीच्या त्या वर्षी खाकी कपडा आणि हातात वही दिसली की नसबंदीवाले आले म्हणून खाडीकडं धूम ठोकत. बाप्ये कसले, खेकडे! दबक्या पावलांनी बाहेर, चाहूल लागली की बिळात.

नारळीपौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, दुपारच्या वेळी, खाकीतले दोघे आले. एक उंच, हातात नळी. एक बुटका, त्याच्याकडं पंपाची बादली आणि वही. आळीतले दोघेतिघे बाप्ये परसदारानं पळाले. त्यांत ठकुबाईचा अनंताही होता, ड्युटीवरून येऊन नुकताच आडवा झालेला, लुंगी सावरत.

"बाई, घर रिकामं करा," उंच म्हणाला. "सरकारी काम आहे. पेटी जड असेल तर राहू द्या, आम्ही झाकून घेऊ. आणि दार लोटून बाहेर थांबा. विष आहे."

"सगल्या भितींना मारा," ठकुबाई म्हणाली. "देव्हाऱ्यालाबी. कोपरे सोडू नका."

"कोपरा सोडणार नाही, बाई."

ती ओट्यावर बसून राहिली. तुळजा मांडीवर होती आणि तिचं अंग कालपासून कोमट होतं. ते दोघे बाहेर येऊन पुढच्या घराकडं, हौसाकडं गेले. हौसा म्हणजे केसरीनाथची बायको. तिच्या भिंतींना नुकता निळा रंग दिलेला, त्यामुळं तिचा जीव टांगणीला. पण थोड्या वेळानं ती आत डोकावून खुशीत ओरडली, "ठकू, या वर्साचे लोक लय चांगले गो! एक डाग न्हाय भितीला!"

ठकुबाईच्या डोक्यात कळ गेली. ती उठली आणि आपल्या घरात शिरली. भिंती ओल्या होत्या. पत्र्याखालची भिंत वाळलीसुद्धा होती, आणि तिथं काहीच नव्हतं. तिनं तळवा फिरवला. पांढरं लागेना. नाक लावलं. वास येईना. पायाशी पेटीचं कुलूप तुटून पडलं होतं, त्यावर तिचा पाय पडला. तिनं ते लाथेनं बाजूला सारलं आणि भिंत चाचपत राहिली. कुलूप तिला दिसलंच नाही. ही गोष्ट टपरीवर कुणी सांगत नाही, कारण मग नाकाचं काय करायचं?

कोपऱ्यात लूमचा एक मोडका दांडा होता, गोधड्या धुताना आपटायला अनंतानं आणलेला. तो घेऊन ती आळीत आली. ते दोघे तिसऱ्या घराच्या दारात पोहोचले होते.

"ये पावडरवाल्या! माजा डाग कुठं हाय?"

"कसला डाग, बाई?" उंच म्हणाला.

"भितीवरचा! पांढरा डाग! गेल्या वर्साला होता, या वर्साला कुठं गेला? खाल्लास?"

"बाई, नवीन औषध आहे. फॉरेनचं. डाग पडत नाही."

"बरंच हाय ना, ठकू," हौसा मध्ये पडली. "भित नासली न्हाय."

"तू गप! तुजी भित ऱ्हाईल, तू मरशील!" ठकुबाईनं बादली पुढं ओढली. "इष हाय ना हे?"

"हो, जहाल विष."

"मंग पी."

"बाई, असं काय करता—"

"पी म्हनते ना!" दांडा वर गेला.

उंचानं दांड्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं, आणि ओंजळ भरून गटागटा प्याला. वर मिशीही पुसली. खरं विष असतं तर दांडाच पत्करला असता.

मग जे झालं त्याला राग म्हणणं म्हणजे वणव्याला काडी म्हणणं. "पानी! माज्या नातीच्या खोलीला पानी मारलास? माजा दादला गेला, आता पोरीला न्यायला आलास? सरकारचा पगार खातोस आनि पानी मारतोस?" दांडा पाठीवर, दांडा पोटरीवर. बुटका वही टाकून पळाला तो खाचरातल्या चिखलात गुडघ्याएवढा रुतला आणि तिथूनच हात जोडून उभा राहिला. उंच आडवा झाला. बादली लवंडली आणि तिच्या तळातून एक गाठोडं घरंगळत बाहेर आलं. गाठ सुटली. हौसाची गळ्यातली सोन्याची वजरटीक चिखलात चमकली, आणि तिच्याशेजारी सावळारामचा चांदीचा करदोडा.

"आगो बाय, माजी टीक!" हौसा किंचाळली. "चोर! चोर हाय तो!"

सगळ्या बाया धावल्या. ठकुबाई मात्र मारायची थांबली नाही. "चोर असंल न्हायतर कोन असंल! माजी पावडर कुठं हाय?"

हवालदार आला. पाठोपाठ खाडीवरून बाप्येही छाती काढून परतले, जणू चोर त्यांनीच धरला. हवालदारानं कागद काढला. "आजी, काय चोरीला गेलं?"

"पावडर."

"तसं नाही. घरातून काय गेलं?"

"भितीवरची पावडर."

"पेटीतून, आजी, पेटीतून!"

"पेटीत पावडर कोन ठेवतो? तुजी आई ठेवते?"

शेवटी करदोडा मैनानं लिहून दिला.

पण ठकुबाईचं दुखणं पुढंच होतं. दोन दिवसांत सगळ्या भिवंडीत बोभाटा झाला की अमक्या आळीतली बाई फवारणीवाल्यांना मारते. कुणाला मारलं आणि का मारलं, हे मानकोलीपर्यंत पोहोचता पोहोचता गळून गेलं. खऱ्या पावडरवाल्यांनी आळीचं नाव ऐकून हातातली बादली खाली ठेवली. आणि तिकडं तुळजाला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. तीन गोधड्या घातल्या तरी पोर थांबेना. ठकुबाईनं तो आवाज एकदा ऐकला होता. सावळारामच्या दातांचा.

ती पोरीला उचलून मलेरियाच्या ऑफिसात गेली आणि पायरीवर बसली. रामनाथनं तुळजाचं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, कशा द्यायच्या ते दोनदा समजावलं. मग म्हणाला, "फवारणीचं मात्र अवघड आहे, आजी. माणसं घाबरतात."

"घाबरू दे. पन येऊ दे."

"येतील हो. आणि तुम्ही गणपतीला सारवून मोकळ्या व्हाल."

ऑफिसातले दोन कारकून हसले. ठकुबाई हसली नाही, ओरडलीही नाही. तिथं असलेली माणसं सांगतात की त्याचीच भीती वाटली. "गेल्या वर्साला मी सारवला," ती म्हणाली. "म्हनून तो गेला. तू तोंडावर बोललास, बरं केलास. आता लिव. या भितीला ठकुबाईचा हात लागला तर हात तोडून न्यावा. लिव!"

रामनाथनं लिहिलं नाही. तो स्वतः पुढं चालला आणि माणसं त्याच्या पाठीमागं. देव ओट्यावर मांडले, पेटी अंगणात काढली, आणि या खेपेला ठकुबाई दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. "तिकडं! वर! आढ्याला मार! झोपतोस काय?" भिंती ओल्या झाल्या, वाळल्या, पांढऱ्या झाल्या. तिनं तळवा फिरवून पाहिला. तळवा पांढरा झाला. दाराशेजारी गेरूनं तारीख पडली: १७-८-७६. त्यांची पाठ वळते न वळते तोच तिनं अनंताच्या हातात फावडं दिलं. "खाडीवर पळाया पाय हाय ना? मंग खड्डा बुजवाया हात बी असंल." अनंतानं निमूटपणे खड्डा बुजवला. इतर बाप्येही आले. कोण नाही म्हणणार? दांडा ओट्यावरच होता.

आता आळीत एकच चर्चा. गणपती बारा दिवसांवर, मागून गौर. म्हातारी सारवणार. बाया म्हणाल्या सारवणार, बाप्ये म्हणाले सारवणार, आणि याच आळीत वाढलेल्या, हे लिहिणाऱ्यानं तर चारचौघांत पैज लावली. लहानपणापासून तिचा आवाज काढणाऱ्याला तिची बोटं ठाऊक नसतील? हरलो तर आख्खा ओटा सारवून देईन, असं बोलून बसला. ठकुबाई म्हणाली, "शेन मी कालवून ठेवते. तुज्यासाठी."

गौरीच्या आदल्या दिवशी तिची नणंद मुद्दाम कशेळीहून आली. भिंतींकडं बघून ती म्हणाली, "वयनी, गौर अशा घरात येल का गो?" ठकुबाई म्हणाली, "न्हाय आली तर तिची मर्जी. पोर ऱ्हायली पायजे."

मैनानं पुढचं सांगितलं ते असं. पहाटे तिला जाग आली तर सासू शेणाची बादली घेऊन भिंतीसमोर उभी. हात कोपरापर्यंत भरलेला, बोटं आपोआप वाकलेली. हात भिंतीजवळ गेला. म्हातारी त्या गेरूच्या तारखेकडं बघत राहिली. मग तिनं स्वतःच्याच हाताला शिवी दिली. चांगली लांबलचक, सात पिढ्यांची. बादली उचलून ती ओट्यावर घेऊन आली आणि हात धुऊन तिनं जमिनीवर तांदळाच्या पिठाची पावलं काढली, दारापासून पांढऱ्या भिंतीपर्यंत.

गौर आली. डागांना काही म्हणाली नाही.

आणि सकाळी, आख्खी आळी बघायला जमलेली असताना, हे लिहिणारा कोपरापर्यंत शेणात हात घालून ओटा सारवत होता. हौसा म्हणाली, "सारवतो का माखतो रे?" बाप्ये खिदळले. उंबऱ्यात तुळजा उभी होती, ताप पार उतरलेला, कमरेवर हात. नाकातून सुरुवात, घशात घरघर.

"कोपरा ऱ्हायला! डोले फुटले? सारव! हाय का न्हाय?"

असा हुबेहूब आवाज हे लिहिणाऱ्याला अजून जमलेला नाही. त्यानं खाली मान घालून कोपरा सारवला.