फरदड आणि आबाजींची हाडं

बोंडअळीच्या वर्षांतली गोष्ट. माझ्या आजोबांचे मोठे भाऊ, आमचे आबाजी, तेव्हा नव्वदीच्या पुढे होते. बादली उचलताना त्यांच्या पाठीत काहीतरी मोडलं आणि ते खाटेला लागले. यवतमाळच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हाडं ठिसूळ झालीत, मणका दबलाय. आठवड्याला एक गोळी द्या आणि दुखणं कमी झालं की हळूहळू चालवा. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून हे समजून घ्यायला मलाच पुढे केलं होतं. मी मराठी वाङ्मय शिकते, हे सांगायचा धीर झाला नाही.

घरी अंगणात बैठक बसली.

"हा तं बायकायचा रोग आहे," शेजारी म्हणाले.

"अन् या वयात कायले गोळ्या?" माझे काका म्हणाले. "डिंकाचे लाडू करा."

आबाजींना दात नव्हते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लाडू पुढे काकांनीच संपवले.

आबाजींना एकच हवं होतं: सकाळी कुणाचा हात न धरता परसाकडे जाणं. सुनेनं, म्हणजे माझ्या काकूंनी, धरून न्यावं, याची त्यांना फार लाज वाटे.

बैठक मोडली, कारण काकांना फरदडीला पाणी द्यायचं होतं. फरदड म्हणजे वेचणी संपलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उपटायची नाही. पाणी देऊन राखायची, आणखी चार बोंडं येतील म्हणून. अळी तिथेच पोसते, असं कृषी सहायक दरवर्षी सांगायचे. काका दरवर्षी मान डोलवायचे.

काका उठले तसे खाटेवरून आबाजी म्हणाले, "त्या म्हाताऱ्या पऱ्हाटीले पानी देता, अन् मले गोळी द्याले वय इचारता?"

संध्याकाळी काका दिग्रसहून गोळ्या घेऊन आले. पिशवीत त्या फवारणीच्या बाटलीला टेकून होत्या.

गोळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. मग अर्धा तास ताठ बसायचं, चहासुद्धा नाही. तब्येत विचारायला येणारे नेमके तेव्हाच येत आणि आबाजींसमोर बशीत चहा ओतून फुरके मारत.

"तुही डॉक्टरीन उपासच करवते का वं?" ते मला विचारायचे. मी घड्याळ बघायची.

हिवाळा सरता सरता फरदडीत अळीच अळी झाली. काकांनी ती उपटायला काढली. त्याच आठवड्यात आबाजी काठी टेकत एकटेच परसाकडे निघाले. गोळीनं की हट्टानं, मला सांगता येणार नाही. काकू लोटा घेऊन मागे धावल्या. आबाजींनी लोटा घेतला आणि म्हणाले,

"बाई, तू पऱ्हाटी उपटाले जाय. मी येतो जाऊन."