अक्काचं रंगीत घर विकायचंय

आमच्या अक्काला रंगांची जाण नाही, असं बेंगळुरूतल्या निम्म्या मराठी बायकांचं मत आहे, आणि उरलेल्या निम्म्या अजून तिच्या घरी गेलेल्या नाहीत.

अक्का म्हणजे प्रमोदिनी, माझी थोरली बहीण. वडील नोकरीनिमित्त इथे आले, आम्ही इथेच वाढलो आणि शेजारच्या कानडी मुलांचं ऐकून मीही तिला ताईऐवजी अक्का म्हणायला लागले. अलसूरच्या तळ्यामागच्या गल्लीत तिचं घर. या शहराला सांगण्यासारखी नदी नाही, जी होती तिचा नाला झाला. म्हणून जाहिरात करताना एजंट लोक तळ्यालाच नदीचा मान देतात. घर स्वातंत्र्याच्या आधीचं. अरुंद, दुमजली, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेलं, पुढे लाकडी जाळीची टोकदार कमान आणि आत लाल गुळगुळीत जमीन. माझ्या भावोजींनी, सूर्यकांतरावांनी, नोकरीत असताना एका तमिळ कुटुंबाकडून ते हौसेनं घेतलं. तेव्हा येणारा प्रत्येक जण त्या घराचं तोंड भरून कौतुक करायचा.

मग अक्कानं ते रंगवलं. दिवाणखाना हळदीसारखा पिवळा आणि दारांच्या चौकटी गडद निळ्या. स्वयंपाकघर पोपटी, न्हाणीघर टोमॅटोसारखं लाल. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढराशुभ्र जाड पट्टा. विजेच्या बटणांभोवतीसुद्धा तिनं काळ्या चौकटी काढून घेतल्या. रंगारी दोनदा खाली उतरला आणि ‘अम्मा, नक्की ना?’ असं विचारून पुन्हा शिडीवर चढला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिच्यादेखत ‘काय हौस ग बाई’ म्हणत आणि कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघताना पोट धरून हसत. अक्काला ते ऐकू जायचं. ती पुढच्या वर्षी पुन्हा त्यांना बोलवायची.

खरी गोष्ट अशी की ते रंग हौसेचे नव्हतेच. भावोजी इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. यंत्राच्या सुट्या भागातली केसाएवढी चीर ते नुसत्या नजरेनं पकडायचे आणि मोठमोठे साहेब त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. निवृत्तीनंतर त्याच डोळ्यांचे पडदे खराब होऊ लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली मात्र वापरता येईल, घरात भडक आणि एकमेकांपासून उठून दिसणारे रंग असले तर. फिकट भिंत आणि फिकट दार त्यांना सारखंच, धुक्यासारखं दिसतं. अक्का दवाखान्यातून निघाली ती थेट रंगाच्या दुकानात गेली.

भावोजींनी एकच अट घातली, कुणाला कळता कामा नये. ज्यांच्या नजरेची कारखान्यानं शपथ घ्यावी त्यांना लोकांनी हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायचा, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. अक्कानं ती अट पाळली. मला तरी कशाला सांगितलं, तर शिडी धरायला भरवशाचं माणूस हवं होतं म्हणून.

मी माणूस तापट. एवढं सगळं बायकोच्या नावावर खपवून आपण आरामखुर्चीत बसायचं, याचा मला रागच यायचा. अक्का रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि पाहुणे आले की तेच वर्तमानपत्र हातात धरून भावोजी राजकारणावर बोलायचे. कुणी दारात आलं की ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं नाव घ्यायची, म्हणजे आत बसलेल्या भावोजींना कोण आलंय ते कळावं. त्यामुळे रंगांबरोबर अक्काच्या आवाजालाही नावं ठेवली गेली. मी एकदा तिला म्हटलंही की तुझ्या जागी मी असते तर चौकात उभं राहून सांगितलं असतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

गेल्या वर्षी भावोजी जिन्यावरून पडले. पांढरे पट्टेही त्यांना आता पुसट दिसू लागले होते. हाड मोडलं नाही हे नशीब. पण अक्कानं त्याच आठवड्यात ठरवलं की हे घर विकायचं आणि मारतहळ्ळीला माझ्या घरासमोरचा तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा. फ्लॅटचा मालक ओळखीतला, महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाला, पण त्यापुढे नाही. अक्कानं एकदा ठरवलं की मग ते ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही.

घर विकायला दिलं नंजुंडप्पाकडे. हा गल्लीतलाच एजंट, माणूस सरळ. त्यानं आत एक फेरी मारली आणि हात जोडले. आधी सगळीकडे क्रीम कलर मारा, मग बघा कशी रांग लागते ते, असं तो कानडी-हिंदीत कळवळून सांगत होता. अक्का म्हणाली, रंग आहे तसाच राहील. त्यानं नाइलाजानं फोटो काढून जाहिरात टाकली आणि रांग खरंच लागली. इंदिरानगरच्या ऑफिसांतली पोरंपोरी यायची, पोपटी भिंतीपुढे, लाल न्हाणीघरात, जिन्यावर आडवंतिडवं बसून रील काढायची, ‘सो क्यूट’ म्हणायची आणि निघून जायची. घर घेण्याचं नाव कुणी काढेना. एका बिल्डरनं तर घर न बघताच, पाडून किती मजले चढतील ते रस्त्यावरूनच मोजलं. अक्कानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

अखेर अवधूत आणि भार्गवी आले. नागपूरचं जोडपं, दोघंही आयटीत, भार्गवीच्या कडेवर वर्षाचं बाळ. त्यांनी फोटो काढले नाहीत. नळ सोडून पाहिले, कौलांचं विचारलं, दुपारी ऊन कुठून येतं ते विचारलं. दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. व्यवहार ठरत आला आणि ते रंगावर अडकले.

त्यांचंही चुकत नव्हतं. बाळाला दम्याचा त्रास, रंगाचा वास सोसत नाही. भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं, म्हणजे राहायला यायच्या आधी रंग होऊन वास गेलेला हवा. तुम्ही इथे असतानाच रंग बदलून ठेवा, खर्च आम्ही करतो, असं ते म्हणत होते. अक्का म्हणत होती, आम्ही जाईपर्यंत भिंतीला ब्रश लागणार नाही.

त्या रविवारी शेवटचं बोलायला सगळे दिवाणखान्यात बसले होते. नंजुंडप्पा कपाळ चोळत होता. भावोजी नेहमीप्रमाणे खुर्चीत, हातात वर्तमानपत्र. अवधूतनं सगळं पुन्हा एकदा शांतपणे मांडलं. अक्कानं तितक्याच शांतपणे नाही म्हटलं.

“काकू, राग मानू नका,” भार्गवी म्हणाली, “पण नुसता रंगच आहे ना? एवढा अट्टाहास का?”

“मला आवडतात म्हणून,” अक्का म्हणाली.

अवधूतनं कप खाली ठेवला. मग आमचं जमणार नाही, म्हणाला, आणि दोघं उठली. नंजुंडप्पानं डोळे मिटून घेतले. ही माणसं गेली की घराचा व्यवहार गेला, फ्लॅट गेला आणि भावोजी त्या जिन्यावर पुन्हा रोज चढउतार करणार, हे अक्काला माझ्याइतकंच कळत होतं. तिची मान ताठ होती, पण हात पदराशी चाळा करत होते. मी बोलायला तोंड उघडलं. तिनं डोळे वटारले. मी रागानंच तोंड मिटलं.

तेवढ्यात भावोजींनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“बसा दोघं, स्वल्प थांबा,” ते म्हणाले. “हे रंग हिचे नाहीत. माझे आहेत. मला दिसत नाही.”

अक्का ‘अहो’ म्हणाली, पण ते थांबले नाहीत.

“पिवळं संपून निळं लागलं की मला कळतं दार आलं. तुम्ही भिंती क्रीम केल्यात तर मला माझ्याच घरात दार सापडणार नाही. हे वर्तमानपत्र मी वाचत नाही, सकाळी ही मला वाचून दाखवते. लोक हिला हसले. मी या खुर्चीत बसून ते ऐकत आलो.”

भार्गवी हळूच खाली बसली. पुढचं सगळं दहा वाक्यांत मिटलं. अवधूत तिथूनच आपल्या घरमालकाशी फोनवर बोलला आणि आणखी एक महिना राहायची परवानगी मिळाली. काका-काकू गेल्यावर रंग बदलू, वास गेला की येऊ, असं ठरलं. नंजुंडप्पा जाताना भावोजींच्या पाया पडला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मला वाटलं, अक्का आता सुटकेचा नि:श्वास टाकेल. ती दार लावून भावोजींसमोर येऊन उभी राहिली.

“एवढं सोपं होतं?” ती म्हणाली. “मग आधी का नाही सांगितलंत?”

“तू सांभाळून घेत होतीस,” भावोजी म्हणाले. “म्हणून मला सांगावं लागलं नाही.”

अक्का तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. तिला तशी रडताना मी आई गेल्यावरही पाहिलं नव्हतं. भावोजी चाचपडत तिच्याजवळ जाऊन बसले. मी चहा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि चहा न करताच उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात फ्लॅटसाठी रंग घ्यायला गेलो तर या खेपेला भावोजीही बरोबर आले. दुकानदारानं रंगांचं पुस्तक अक्कापुढे सरकवलं तर भावोजींनी ते आपल्याकडे ओढलं. मला दिसत नाही, मला उठून दिसतील असे रंग हवेत, असं त्यांनी चारचौघांत, खणखणीत कानडीत सांगितलं. दुकानातली माणसं वळून बघायला लागली तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. खोल्या एकेक करून ठरल्या. शेवटच्या खोलीपाशी ते थांबले.

“ही हिच्या आवडीची,” ते दुकानदाराला म्हणाले. “तिला विचारा.”

अक्कानं पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

“फिकट,” ती म्हणाली. “एकदम फिकट. पांढऱ्यातच जरा साय मिसळल्यासारखा.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. शिडी मी धरली होती, हळदीकुंकवाच्या रिक्षा मी थांबवल्या होत्या, आणि अक्काला भडक रंग मुळीच आवडत नाहीत हे मला त्या दुकानात कळलं. भावोजींनी हवेत हात पुढे केला आणि अक्कानं तो धरला.

“त्या खोलीत यायचं असलं की मी तुला हाक मारेन,” ते म्हणाले.

दुकानदारानं डबे बांधायला घेतले.